चिठ्ठीवरचं शून्य

सर, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माझ्या हातात माइक दिला आणि माझी बोलतीच बंद झाली. वंदना झाली होती, फोटोला फुलं वाहून झाली होती, मंडपात अख्खा वॉर्ड बसला होता. रामपायलीहून तुमचे भाऊबंद आले होते, जुन्या बॅचची मुलं मागे उभी होती. सूत्रसंचालन करणारे म्हणाले, ‘आता सरांची पहिली विद्यार्थिनी आणि क्लासमधली बारा वर्षांपासूनची सहकारी निशा दोन शब्द बोलेल.’ मी उभी राहिले, म्हटलं, ‘सर चांगले होते,’ आणि बसले. दोन शब्द मागितले होते, मी एक जास्तच दिला. बालाघाटातल्या त्या एका खोलीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये जिनं तुमच्याशी रोज भांडण केलं, जिच्या तोंडाला तुम्ही ‘चालू नळ’ म्हणायचे, तिला ऐनवेळी एवढंच सुचलं.

तुमच्या मागे एकट्या राहिलेल्या काकूंनी मला हात धरून जवळ बसवून घेतलं आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, ‘जाऊ द्या वो. यायले शेवटपर्यंत काई कळलं नाई, हेच बरं झालं. हासत गेले.’ त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला काकू हेच सांगत होत्या. मी बाजूला बसून मान हलवत होते.

मान हलवत होते खरी, पण मला कुठं माहीत आहे सर? माझ्याजवळ भाषण नव्हतंच, प्रश्न होता. तुम्हाला तुमचा आजार माहीत होता की नव्हता? आणि माहीत असेल, तर मी तुमच्या तोंडावर जे खोटं बोलले ते ऐकून घेताना तुम्हाला काय वाटलं? ज्याला विचारायचं तो फोटोत जाऊन बसला. म्हणून आता लिहूनच विचारते. ‘लिव्हताना तुले पुस्तकातली मराठी सुचते आन् बोलताना आपली,’ असं तुम्ही चिडवायचे. चिडवा.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे माझं मलाही कळेल.

खैरलांजीकडच्या एका धान खरेदी केंद्रासाठी आपण शेतकऱ्यांच्या नावांची यादी लावून देणारा प्रोग्राम लिहिला होता. नाव, बापाचं नाव, गाव. एका ओळीसाठी मी मशीनच्या मेमरीत ऐंशी घरांची जागा ठेवली होती. इंग्रजी पुस्तकांत ऐंशी असते, मीही ऐंशी ठेवली, डोकं कशाला चालवायचं? पण आपल्याकडची माणसं नाव लिहितात नागरीत, आणि नागरीतलं एकेक अक्षर मशीनमध्ये तीन-तीन घरं अडवून बसतं. काना, मात्रा, अनुस्वार, सगळे आपापली तीन घरं मागतात. ऐंशीत जेमतेम सव्वीस चिन्हं मावली. यादी छापून आली तर कोणाचं गाव अर्धं, कोणाचा बाप अर्धा, आणि कापलं तिथं काळा चौकोन. एक म्हातारे कागद घेऊन थेट क्लासवर आले आणि मला म्हणाले, ‘मॅडम, माह्या बापाले काहून कापलं?’ मला धरणी ठाव देईना. तुम्ही आधी पोट धरून हसले, मग त्यांना बसवून चहा पाजला आणि हातानं नाव लिहून दिलं, पूर्ण.

त्याच दिवशी तुम्ही फळ्यावर गेटलाइन लिहिलं. सी भाषेतलं ओळ वाचणारं फंक्शन. ओळ कितीही लांब असो, एंटर येईपर्यंत ते वाचत जातं, आणि जागा कमी पडली तर स्वतःच वाढवून घेतं. ‘आता कोणाचा बाप कापला नाई जाणार,’ तुम्ही म्हणाले.

आणि मग तुमचा तो नेहमीचा नियम. नवीन काहीही शिकवायचं झालं की आधी काकूंना वाचून दाखवायचं. क्लास म्हणजे तुमच्याच घराची समोरची खोली, मागे स्वयंपाकघर. काकू सातवीपर्यंत शिकलेल्या, कॉम्प्युटरला कधी बोट न लावलेल्या. ‘तिले समजलं का मंग फळ्यावर लिव्हाचं. तिले नाई समजलं तं आपल्यालेच नाई समजलं.’ पहिली दोन वर्षं मला हा निव्वळ फालतूपणा वाटायचा. किती वेळा तोंडावर म्हटलं तुम्हाला.

गेटलाइन तुम्ही काकूंना दुकानावरून समजावलं. थैली घेऊन गेली तर चिठ्ठीवर थैलीचा आकार लिहायचा, म्हणजे दुकानदाराला कळतं किती मावेल. रिकाम्या हातानं गेली तर दुकानदार आपली थैली देतो आणि चिठ्ठीवर तिचा आकार स्वतः लिहितो. मग कढईत उलथणं फिरवत काकूंनी विचारलं, ‘आन् दुकानात सामानच नसन तं?’ तुम्ही म्हणाले, ‘तरी थैली आपल्या हातात आलीच ना. ते वापस कराचं काम आपलं. दुकानदार मागाले येत नाई.’ या थैलीवर आपलं कधी भांडण झालं नाही. वाचणं जमो न जमो, ती जागा फंक्शनला बोलावणाऱ्यानंच मोकळी करायची. भांडण झालं ते चिठ्ठीवर.

लामत्याहून येणाऱ्या एका मुलीनं परीक्षेत गेटलाइन वापरलं. थैली दिलीच नाही, पण चिठ्ठीवरही काही लिहिलं नाही, म्हणजे आकड्याच्या जागी मशीनमध्ये जो कचरा पडला असेल तो तसाच. मी तिचे दोन गुण कापले. या फंक्शनच्या मॅन्युअलमध्ये तेव्हा स्वच्छ लिहिलं होतं की थैली न देता आणि आकडा शून्य ठेवून, असं दोन्ही करून बोलावलं तर जागा मिळेल. मुलगी म्हणाली, ‘पर मॅडम, चल तो रहा है.’ तुम्ही तिचा प्रोग्राम चालवला. चालला. आकड्याच्या जागी मुद्दाम सात हजार सातशे सत्त्याहत्तर टाकून चालवला. चालला. मग दोन दिवस त्या फंक्शनच्या पोटात शिरून बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, ‘निशा, पोरीचे गुण वापस कर. थैली नसन तं तो आकडा पाहतच नाई.’

काकू आतून म्हणाल्या, ‘बरोबरच आहे ना. थैलीच नाई तं आकार कायचा पाहाचा?’

‘पाह्य! हिले समजलं, तुले नाई.’

मला समजलं नव्हतं असं नाही हो सर. मला पटलं नव्हतं. मी म्हटलं, शून्य लिहिलं तर कोणाचं काय जातं? उद्या हीच मुलगी घाईघाईत थैली असतानाही चिठ्ठी कोरी ठेवेल. दुसरीकडे कुठं नोकरीला लागेल, तिथली मशीन वेगळी असेल. सवय सांभाळून चालण्याचीच लावावी. तुम्ही म्हणाले, सवय क्लासमध्ये लावू, पण मॅन्युअल म्हणजे क्लास नाही. ‘मॅन्युअल भेव दाखवाले नसते, निशा. सांगाले असते. जे आहे ते लिव्हाव.’ माझा पारा चढला. मी म्हटलं, ‘आणि खरं सांगून कोणाचं भलं होतं सर? ज्यानं नुकसान होत नाही ते सांगावं.’

हे मी म्हटलं होतं. त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर बसून. नंतर किती वेळा आठवलं, काय सांगू.

तुम्ही मॅन्युअल सांभाळणाऱ्या लोकांना पत्र लिहिलं. ते कुठं राहतात, कोण आहेत, आपल्याला काय माहीत? जगभर विखुरलेली माणसं, ईमेलवर भेटणारी. आपल्या इंग्रजीची तुम्हाला इतकी लाज की तीन ओळींच्या पत्रासाठी माझ्याकडून चार खेपा करून घेतल्या. त्यांचं उत्तर आलं तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरापर्यंत धावत गेले. ‘अवो, ऐकता का, तिकून जवाब आला!’ त्यांनी मोठ्या सभ्यपणे लिहिलं होतं की मुद्दा बरोबर दिसतो, नवीन वाक्य नेमकं कसं असावं ते लिहून पाठवा, सोबत तपासणीचा छोटा प्रोग्रामही द्या. तुम्ही त्या दिवशी बॅचला सुट्टी दिली. कारण सांगितलं नाही. मुलांना वाटलं कोणी मंत्री गेला.

वाक्याचा मसुदा तुम्ही लिहायचा, इंग्रजी मी नीट करायचं, असं ठरलं. तुम्ही लिहिलं, जागेचा पत्ता रिकामा असेल तर हे फंक्शन जागा देईल आणि आकडा काय आहे ते पाहणार नाही. वाचणं फसलं तरी ती जागा बोलावणाऱ्यानंच मोकळी करावी. मी परत पाठवताना गुपचूप ‘आकडा शून्य ठेवून’ घातलं. तुम्ही काढलं. मी पुन्हा घातलं. तुम्ही बाजूला लिहिलं, ‘बाई, माह्या मसुद्यात चोरून कोण येते?’ असा तो कागद आपल्या दोघांत लोंबकळत राहिला, आणि मग तुमचं पोट दुखायला लागलं.

नागपूरला आपण तिघं गेलो होतो, गोंदियाहून गाडी बदलून. डॉक्टरांनी मला आत बोलावलं, कारण फॉर्म मी भरला होता. त्यांनी जे सांगितलं ते मी उभ्यानं ऐकलं. यकृतात कॅन्सर, पसरलेला, फार तर काही महिने. बाहेर आले तर तुम्ही पाण्याच्या मशीनपाशी कोणाला तरी बटण कसं दाबायचं ते शिकवत होते. काकूंनी माझं तोंड पाहिलं, मला जिन्यापाशी ओढलं. मी सांगितलं. त्या रडल्या नाहीत. माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, ‘त्यायले नको सांगू. माह्या सासऱ्याले सांगतलं होतं तं माणूस आठ दिवसांत गेला. तुले माही शपथ आहे.’

आपल्याकडे सांगतच नाहीत, सर. तुमच्या वडलांच्या वेळी कोणीतरी बोलून बसलं, त्याचं नाव अजून घरात निघतं. दुखणाऱ्या माणसाला सोडून सगळ्यांना माहीत असतं, सख्ख्यांना, दूधवाल्याला, समोरच्या टेलरला, आणि त्या माणसासमोर सगळे हवापाण्याचं बोलतात. मी लहानपणापासून हे पाहत आले, मला ते मायेचंच वाटत आलं. मी काकूंना ‘हौ’ म्हटलं आणि रिपोर्ट बॅगेच्या तळाशी सरकवला.

गाडीत तुम्ही खिडकीजवळ बसले होते. दुपारचं ऊन तुमच्या मांडीवर होतं. काकूंचा डोळा लागला तसं तुम्ही विचारलं, ‘रिपोर्ट कुठं आहे निशा?’

‘माझ्या बॅगेत.’

‘काय लिव्हलं आहे? खरं सांग.’

‘यकृताला जरा सूज आहे सर. आणि गॅस.’

‘गॅस?’

‘हौ, गॅस. गोळ्या दिल्या आहेत, पथ्य पाळायचं.’

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मग बाहेर पाहिलं. म्हणाले, ‘ठीक.’ ते ‘ठीक’ मी तेव्हापासून किती तऱ्हांनी ऐकलं. विश्वास ठेवणाऱ्या माणसाचं ‘ठीक’. समजून गेलेल्या माणसाचं ‘ठीक’. दोन्ही बसतं, सांगा मी काय करू?

तुम्हाला माहीत नसावं, असं मला वाटायचं, कारण तुम्ही दिवाळीनंतरच्या बॅचची नावं लिहून घेत होते. नवा कीबोर्ड मागवला. मला म्हणाले, पुढच्या उन्हाळ्यात खोलीला मागून एक खिडकी पाडू. मरणारा माणूस खिडकी पाडतो का? मग दुसऱ्याच दिवशी तुम्ही पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्यासमोर ठेवायचे. ‘माह्याजवळ हरपते, तुह्याजवळ राहू दे.’ वीस वर्षांत न हरपलेली किल्ली. मी घरी जाताना ठरवायची, माहीत आहे. सकाळी तुम्ही काकूंच्या फिक्या खिचडीवरून कटकट करायचे, मी ठरवायची, नाही माहीत. आणि जो माणूस मॅन्युअलमधल्या एका वाक्यासाठी दोन दिवस फंक्शनच्या पोटात शिरून बसला, त्यानं स्वतःचा रिपोर्ट पुन्हा एकदाही मागितला नाही! काहून नाही मागितला? हे मला तेव्हाही कळलं नाही. मी तो क्लासच्या लोखंडी पेटीत, जुन्या केबलच्या खाली दडवला होता. तुम्ही त्या पेटीकडे पाहिलं तरी मी उठून तिच्यासमोर उभी राहायची.

तुमचा रोजचा सवाल एकच. ‘पाठवलं का?’

‘उद्या पाठवते सर. एक शब्द खटकून राह्यला.’

कोणता शब्द आणि काय! मला शून्य काढायचं नव्हतं. आधी हट्टानं, मान्य करते. नंतर मात्र दुसऱ्याच कारणानं, आणि ते तुम्हाला सांगायची लाज वाटते. काम बाकी असलं की माणूस थांबेल, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. शिकलेली बाई, मुलांना मशीन शिकवते, आणि एका मसुद्याला धरून तुम्हाला अडवू पाहत होते. तुम्ही थांबले नाहीत. धानकापणी चालू असताना एका सकाळी, मी समोरच्या खोलीत मुलांना फळ्यावर काही लिहून देत होते, आणि आतून काकूंनी मला हाक मारली. माझ्या नावानं अशी हाक मी कधी ऐकली नव्हती.

कार्यक्रम झाल्यावर दोन दिवसांनी मी क्लास उघडला. मसुदा पाठवायचाच, असं ठरवून तुमच्या मशीनसमोर बसले. तुमच्या फोल्डरमध्ये सगळं तयार होतं. वाक्य होतं, तपासणीचा प्रोग्राम होता, आणि तुमची ओळींची फाईल होती.

ही फाईल कोणाला सांगून समजणार नाही. लांब ओळ वाचता येते का हे पाहायला बाकीचे लोक कीबोर्डवर एकच अक्षर दाबून धरतात. तुम्ही कधी नाही धरलं. ‘ओळ म्हणजे कोणीतरी बोललं पाह्यजे,’ म्हणून तुम्ही एंटर न दाबता मनात येईल ते लिहीत सुटायचे, जागा संपून नवी मागावी लागेपर्यंत. शेजारच्या बकरीनं क्लासचा बोर्ड खाल्ला ती ओळ. वैनगंगेच्या पुलावर तुमची सायकल पंक्चर झाली ती ओळ. आणि प्रोग्राम चालला की त्या ओळी काकूंना वाचून दाखवायच्या. काकूंना सगळ्या कॉम्प्युटरमधलं तेवढंच आवडायचं.

मी प्रोग्राम चालवला. आकड्याच्या जागी तुम्ही तेच सात हजार सातशे सत्त्याहत्तर ठेवले होते. पहिली ओळ आली, बकरीची. मग एक नवीन, काकूंच्या फिक्या खिचडीला शिव्या देणारी. मला हसू आलं. मग शेवटची आली. तिच्या शेवटी एंटर नव्हता, लिहिता लिहिता उठून गेल्यासारखी. तशी ओळही हे फंक्शन वाचतं, तुम्हीच शिकवलं होतं.

‘आता हे ओळ लांब करतो म्हणजे जागा वाढवा लागन काल निशा आलती पथ्याचं सांगून गेली कसं आहे सर म्हणे तं मी म्हटलं एकदम बढिया गॅस कमी आहे पोरगी खूश झाली तिनं मले गॅस सांगतला तं मी बी तिले गॅसच सांगतो गोळीच्या पाकिटावरचं नाव मले वाचता येते एवढं तिच्या ध्यानात नाई आलं मले वाटे जे आहे ते सांगाव पण तिचं तोंड पाह्यलं का वाटते चिठ्ठीवर शून्य लिव्हलं तं काई बिगडत नाई लिव्हू दे तिले’

मी स्क्रीन बंद केली. मग उघडली. पुन्हा वाचली. गोळीचं पाकीट! मी रिपोर्ट केबलखाली दडवला आणि गोळ्या रोज हातानं तुमच्यासमोर ठेवल्या. एवढी कशी मी मूर्ख, सर? आणि तुम्ही एवढे कसे शहाणे, की एका शब्दानं बोलले नाहीत? मला तुमचा रागच आला. भांडण तुम्ही हरले असं लिहून ठेवलं आणि मला सांगायला विसरले. असं जिंकणं मला नको होतं. तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतं, निशा, मले माहीत आहे. मी पाय धरून रडले असते आणि मोकळी झाले असते. की म्हणूनच म्हणाले नाही?

आणि मग मला काकू आठवल्या. ‘यायले शेवटपर्यंत काई कळलं नाई.’ या एका वाक्यावर बाई तग धरून होती. आता हे मी त्यांना सांगू की नको? खरं सांगायचं की सांभाळायचं, पुन्हा तेच, आणि या वेळी भांडायला समोर तुम्ही नाही. सगळे म्हणतील नको सांगू. मीही तेच म्हटलं असतं. पण ती ओळ वाचल्यावर तुमच्या मसुद्यात मी घातलेलं शून्य मी स्वतःच्याच हातानं काढलं होतं, आणि काकूंना वाचून दाखवल्याशिवाय आपल्या क्लासमधून काही बाहेर जात नाही.

मी मसुदा कागदावर उतरवून आत गेले. दुपार होती. काकू सुपात चिन्नोर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर पाटावर बसले आणि तुमचं वाक्य आपल्या बोलीत वाचलं. रिकाम्या हातानं गेलं तर दुकानदार चिठ्ठी पाहत नाही, आपली थैली देतो. सामान मिळो न मिळो, थैली आपणच वापस करायची.

‘मंग तुह्या शून्याचं काय झालं?’

‘लिहिलं तरी चालतं काकू. नाही लिहिलं तरी चालतं. म्हणून वाक्यातून काढलं.’

‘समजलं. पाठव.’ त्यांनी सुपाला झटका दिला. मी कागद घडी करायला लागले तर म्हणाल्या, ‘आन् लांब ओळ? ते नाई वाचली तू. ते तं पहिले वाचत होते.’

‘बकरीची आहे,’ असं माझ्या अगदी तोंडात आलं. तेवढ्यात काकूंनी मान वर केली. बकरीची ओळ मला पाठ होती. घडाघडा म्हटली असती तर काकू हसल्या असत्या, जेवायला थांब म्हणाल्या असत्या, आणि सगळं तसंच राहिलं असतं. मी फोन काढला. ओळीचा फोटो घेतला होता. ‘आता हे ओळ लांब करतो,’ इथून वाचायला लागले. तुमचा श्वास लागतो तिथं माझा लागला. शेवटाला आले आणि फोन मांडीवर उपडा ठेवला.

काकूंचे हात सुपातच होते. एक खडा काढून त्यांनी बाजूला ठेवला.

‘मले माहीत आहे बाई,’ त्या म्हणाल्या.

‘काय माहीत आहे?’

‘यायले माहीत होतं ते. पोळ्याच्या दिवशी सांगतलं मले यायनं. म्हणे गोळ्या कायच्या आहे ते मले समजते, तू रडू नको. आन् म्हणे निशाले नको सांगजो का मले माहीत आहे. तिच्यानं सहन नाई होणार.’

‘पोळ्यापासून?’

‘हौ. पहिले आपण दोघी त्यायच्यापासून लपवून राह्यलो होतो. मंग मी आन् ते तुह्यापासून.’

‘मग तुम्ही सगळ्यांना काहून सांगून राह्यल्या, यायले काही कळलं नाही म्हणून? त्या दिवशी मंडपात किती जणांना सांगितलं!’

काकूंनी सूप खाली ठेवलं. पदरानं हात पुसले. ‘तू बाजूले बसली होती ना,’ म्हणाल्या.

सर, पोळ्यापासून धानकापणीपर्यंत मी रोज सकाळी तुमच्या घरी यायची, तोंड हसरं करून. दाराच्या पायरीवर आधी डोळे पुसायची. तुम्हा दोघांना सांभाळते आहे असं मला वाटायचं. आणि तुम्ही दोघं आत बसून, ही आली आता, हिच्यासमोर जरा बरं दिसा, असं करत होते. म्हणजे त्या घरात ज्याच्यापासून लपवायचं तो माणूस मी होते. हसावं की डोकं आपटावं ते कळेना. काकूंनी मला पोटाशी धरलं, त्यांच्या साडीला तांदळाच्या कोंड्याचा वास येत होता, आणि मी तुमच्यासाठी पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

मसुदा पाठवला. वाक्य तुमचंच, शब्दाला शब्द. शून्य नाही. खाली नाव तुमचं घातलं, इंग्रजी दुरुस्त करणारीचं घातलं नाही, ते तुम्ही घातलं असतं म्हणून तुमच्याशी मनातल्या मनात एकदा भांडले. तुम्ही आता नाही हे त्यांना लिहिलं नाही. तिकडून जवाब आला तर काकूंना पहिले सांगीन. बॅच सुरू झाली आहे. लामत्याच्या त्या मुलीला बोलावून तिचे दोन गुण तिच्या जुन्या पेपरवर लाल पेनानं वापस लिहून दिले. ती म्हणाली, ‘मॅडम, अब इसका क्या करूँ?’ मी म्हटलं, ठेव.

अजून मला पुष्कळ कळत नाही. मी खरं सांगितलं असतं तर तुमचे ते महिने बरे गेले असते की वाईट, कोण सांगणार? गॅस म्हटल्यानं तुम्हाला एकटं पडल्यासारखं झालं का? की मला हसताना पाहून खरंच बरं वाटत होतं? तुमची ओळ पन्नास वेळा वाचली, दोन्ही निघतं. तुमच्या शेवटी एंटर नाही, पुढं काय लिहिणार होते तेही माहीत नाही.

पण एक काम माह्याकडे बाकी आहे, ते करते, आपल्या बोलीतच करते. गाडीत तुमी इचारलं होतं, काय लिव्हलं आहे, खरं सांग. मी नाई सांगतलं. आता सांगते म्हटलं तं तुमी आइकाले नाई, तरी सांगाचं काम माहंच आहे, दुसरं कोणी येऊन नाई करणार.

सर, गॅस नव्हता. कॅन्सर होता. मले माहीत होतं.